दारू सोडण्याची तीन कोटेशनं

माझे घरमालक रोज दिवेलागणीला पोर्चमधल्या गाडीत जाऊन बसायचे, सीटबेल्ट लावायचे आणि प्यायचे. गाडी चालू स्थितीत नव्हती. चारही चाकांतली हवा गेलेली, बॅटरी काढून ठेवलेली, बॉनेटवर काकूंच्या कुरडया वाळत घातलेल्या. ते बसायचे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. ड्रायव्हरची जागा रिकामी.

नाशिकच्या सिडकोतल्या त्या घराच्या वरच्या खोलीत मी नवीनच राहायला आले होते. शाळेत नोकरी लागली होती. पहिल्या संध्याकाळी त्यांना असं बसलेलं बघून मला वाटलं, कुणाची तरी वाट बघताहेत. मी खिडकीशी वाकून विचारलं, "काका, कुठे निघालात?"

"कुठेच नाही. बसलोय."

"मग बेल्ट?"

"गाडीत बसल्यावर बेल्ट लावायचा असतो." मग त्यांनी मांडीवरचा स्टीलचा पेला जरा वर उचलून दाखवला. "आणि हे घेतलेल्या माणसाने स्टेअरिंगसमोर बसायचं नसतं. म्हणून इकडे."

घरात दारूचा थेंब आणायचा नाही, हा काकूंचा कायदा होता. पोर्च हा घराचा भाग धरायचा की नाही, यावर म्हणे त्या दोघांचं बरंच भांडण झालं होतं. पण पोर्चमधल्या गाडीला घर म्हणता येणार नाही, हे काकूंना मान्य करावं लागलं. गाडीचे कागद आरटीओकडे आणि घराचे महापालिकेकडे, असा काकांचा मुद्दा होता.

सातपूरच्या एका कारखान्यात काका जन्मभर परचेस ऑफिसर होते. नटबोल्टपासून कँटीनच्या बटाट्यापर्यंत सगळी खरेदी त्यांच्या हातून व्हायची. तीन ठिकाणची कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी कारखान्यात झाडूसुद्धा येऊ दिला नाही. सप्लायर लोक संध्याकाळी त्यांना जेवायला न्यायचे, तिथेच ती सवय लागली. निवृत्तीनंतर सप्लायर गेले, सवय राहिली. कोटेशनंही राहिली. चार काड्या कोथिंबीर आणायला ते भाजीबाजारात तीन टोकांना फिरायचे आणि घरी येईपर्यंत कोथिंबीर माना टाकायची. माझ्या खोलीतला नळ गळायला लागला तेव्हा त्यांनी तीन प्लंबरना एकाच वेळी बोलावलं. तिघंही चांगले मित्र निघाले. माझ्या कॉटवर बसून त्यांनी चहा घेतला, एकमेकांच्या घरची ख्यालीखुशाली विचारली आणि नळाला हातही न लावता निघून गेले. शेवटी मी नळाला फडकं बांधलं.

एकदा मी गमतीत विचारलं, "काका, लग्नाच्या वेळीही तीन स्थळं बघितली होती का?"

"अर्थात. पहिली मुंबईची होती, डिलिव्हरीला उशीर होणार होता. दुसऱ्यांच्या अटी फार. ही नामपूरची. वेळेवर, चोख, तक्रारीला जागा नाही."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "परत पाठवायची सोय नव्हती, म्हणून टिकला व्यवहार."

काकू एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण चिडल्या किंवा घाबरल्या की त्यांची नामपूरची अहिराणी वर यायची. बहिणीशी फोनवर बोलताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "हाऊ माणूस असाच शे, बाई." हा माणूस असाच आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला दिलेली. तिला दिवस गेले आणि काकूंनी बाळंतपणाची तयारी सुरू केली. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली, डिंक आणला, अळीव आणले. आणि एका दुपारी मुलीचा फोन आला. काकूंच्या हाताला पीठ होतं म्हणून फोन स्पीकरवर होता. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते आणि काका पेपर वाचत होते.

"आई, मी बाळंतपणाला घरी येणार नाही," मुलगी म्हणाली. "बाबांनी दारू सोडली तर येईन. नाहीतर इथेच बरी आहे."

यामागची हकीकत मला काकूंनी नंतर सांगितली. मुलीच्या लग्नात, पाठवणीच्या वेळेला, फुलांनी सजवलेली गाडी मंगल कार्यालयाच्या दाराशी उभी होती. नवरानवरी बाहेर आली, बायका रडायला लागल्या, कुणी दार उघडलं, तर आत मुलीचे वडील बेल्ट लावून गाढ झोपलेले. उठवून उठेनात. चौघांनी ओढून बघितलं, बेल्ट सुटेना. लोक आधी हसले, मग गप्प झाले. शेवटी मुलगी सासरी गेली ती केटररच्या टेम्पोतून, पातेल्यांच्या मधे शालू सावरत.

त्या दिवशी फोन बंद झाल्यावर काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सोडू."

काकूंचे पिठाचे हात तसेच वर राहिले.

"पण हे सर्व्हिस काँट्रॅक्ट आहे. चौकशी न करता देता येणार नाही. तीन कोटेशनं घेऊ."

"सोडायला कोटेशन कशाला लागतं?" काकू म्हणाल्या. "बाटली उचलली नाही की सुटली."

"तेवढ्याने सुटत असती तर माझी केव्हाच सुटली असती. तुला काय वाटतं, मी उचलायची नाही असं कधी ठरवलं नसेल?"

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की काकूंना ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. मला गेलं.

काकू मला म्हणाल्या, "तू जा गं यांच्याबरोबर. तुझ्याकडे गाडी आहे. एकटे गेले तर वाटेत कुठल्यातरी दुकानात शिरतील." त्यामुळे त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या स्कूटीवर मागे हा धिप्पाड माणूस, सफारी घालून, खिशाला पेन लावून, आणि पुढे मी, असे आम्ही नाशिकभर हिंडलो.

पहिलं दुकान द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत होतं. टायरची दुकानं आणि ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या यांच्यामधे एक चिंचोळी खोली. बाहेर बोर्ड : "रुग्णाला न सांगता दारू सोडवा."

"पेशंट कुठंय?" दुकानदाराने विचारलं.

"मीच," काका म्हणाले.

दुकानदार गोंधळला. "तुम्हाला कळलं तर कसं व्हायचं? ही पावडर गुपचूप भाजीत टाकायची असते. पेशंटला पत्ता लागता कामा नये."

"मी घेतो, बायकोकडे देतो आणि विसरून जातो. चालेल?"

दुकानदाराने विचार केला. "विसरलात तर चालेल."

"यात काय काय असतं?"

"जडीबुटी."

"कुठली?"

"ते आमचं सीक्रेट आहे."

"म्हणजे देणारा सांगत नाही, घालणाऱ्याला माहीत नाही आणि खाणाऱ्याला कळू द्यायचं नाही," काका म्हणाले. "मग या मालाची माहिती आहे कोणाला?"

एवढं बोलूनही त्यांनी एक पुडी घेतलीच. सँपल म्हणून. घरी येऊन काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "मी विसरलो आहे. तू काय ते कर."

दुसऱ्या दिवसापासून घरात जेवण अवघड झालं. काका प्रत्येक घासाला थांबायचे. "आज आहे का?" ते विचारायचे. "मला सांगू नकोस. पण आहे का?" वांग्याची भाजी बघून त्यांना मळमळायला लागलं. आमटीने पोटात मुरडा आला. साध्या दहीभाताने त्यांना घाम फुटला. "परिणाम आहे, बरं का," ते मला म्हणाले. आठवडाभरात त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. गाडीतलं पिणं मात्र होतं तेवढंच राहिलं, आता फक्त उपाशीपोटी.

शेवटी काकूंना राहवलं नाही. "अहो, ती पुडी मी त्याच दिवशी जास्वंदीच्या बुडाशी ओतली," त्या म्हणाल्या. "माझ्या हातच्या अन्नात काय पडतं ते मला माहीत नको?"

काका उठले. मग अंगणात जाऊन जास्वंद बघून आले. "रिजेक्ट," ते म्हणाले आणि दोन वाट्या आमटी प्यायले.

दुसरं ठिकाण त्र्यंबक रस्त्याला आत, माळावर होतं. उंच भिंत, वर काचा लावलेल्या, लोखंडी फाटक आणि फाटकावर फलक : शंभर टक्के गॅरंटी. आतले मॅनेजर ट्रॅकसूटमधे होते आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. त्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं. काका सफारीत, केस चापून बसवलेले. माझे केस वाऱ्याने उडालेले, धुळीने डोळे लाल.

"मुलगी?" त्यांनी काकांना विचारलं.

"मुलीसारखीच."

"किती वर्षं घेते?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. "तुम्हीच सांगा. बघून काय वाटतं?"

"चेहऱ्यावर दिसतंय. पाच-सहा वर्षं तरी झाली."

"अहो, मी पीत नाही!" मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणतात."

"मी शिक्षिका आहे!"

"शिक्षक पण येतात आमच्याकडे."

मी जितकं नाकारत होते तितकी त्यांची खात्री पटत होती. काका मात्र शांतपणे चौकशी करत होते. "डॉक्टर कोण येतात?"

"डॉक्टरची गरज पडत नाही. इथे शिस्त आहे."

"एकदम बंद केल्यावर एखाद्याला फिट आली तर?"

"तोंडावर पाणी मारतो."

"जुन्या पेशंटशी बोलता येईल? तुम्ही समोर नसताना?"

"भेटीगाठी बंद असतात."

"आज जे वाढलंत, त्यातली वाटीभर आमटी आणा."

आमटी आली. काका ती पिऊन बघत होते, तेवढ्यात मॅनेजरांनी हलकेच शिट्टी वाजवली आणि दोन धडधाकट बायका येऊन त्यांनी माझे दोन्ही दंड धरले. "चल ताई," एक म्हणाली, "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच असं होतं."

"काका!" मी किंचाळले.

काकांनी आमटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "तिला सोडा. पेशंट मी आहे."

मॅनेजर हसले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मुलीसाठी बाप असं बोलतात. आम्ही रोज बघतो."

तेव्हा काका उठले, मॅनेजरांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्यांच्या तोंडावर भला मोठा श्वास सोडला. मॅनेजर दोन पावलं मागे सरकले. बायकांनी माझे दंड सोडले आणि काकांचे धरले. काकांनी हिसडा देऊन ते सोडवले आणि मग आम्ही दोघं जे पळालो ते स्कूटीपर्यंत. फाटकाशी पहारेकरी तंबाखू मळत होता, त्याला काय चाललंय ते उमजायच्या आत मी गाडी रस्त्याला लावली.

बरंच पुढे आल्यावर चहाच्या टपरीशी थांबलो.  काका खूश होते. "शंभर टक्के म्हणणाऱ्या सप्लायरचे बोल्ट सगळ्यात आधी तुटायचे," ते म्हणाले. "बरं झालं, आधी बघून आलो."

मी म्हटलं, "काका, सकाळचे अकरा वाजलेत. तुमच्या तोंडाला वास कसा आला?"

त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. "सकाळी थोडी घ्यावी लागते," ते म्हणाले. "नाहीतर दाढी करता येत नाही. ब्लेड हलतं."

मी त्यांच्याशी पुढे बरेच दिवस बोलले नाही. दंडावर बोटांचे वळ उठले होते. एका सकाळी माझ्या दाराबाहेर तीन दुकानांतला चिवडा तीन पुड्यांत ठेवलेला होता. खाली जाऊन मी म्हटलं, "मधला चांगला आहे." ते म्हणाले, "मलाही तोच वाटला," आणि आमचं बोलणं सुरू झालं.

तिसरं कोटेशन होतं मनोविकारतज्ज्ञ बाईंचं. एका रुग्णालयाच्या मागच्या बाजूला त्यांची लहानशी खोली होती, पंखा कर्रकर्र वाजत होता आणि बाहेर बाकावर लोक दाटीने बसले होते. डॉक्टरीणबाई दमलेल्या दिसत होत्या. काकांनी काही विचारायच्या आतच त्यांनी विचारायला सुरुवात केली. रोज किती घेता, सकाळी लागते का, यापूर्वी कधी थांबवलीत का, थांबवल्यावर काय झालं, झोप कशी आहे, साखर आहे का, घरी कोण असतं. काकांनी खरी उत्तरं दिली. मला वाटतं, इतक्या बारकाईने त्यांची चौकशी आजवर कुणी केलीच नव्हती. ते नेहमी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असायचे.

मग त्यांची पाळी आली. "तुमची उपचारपद्धत कोणती?"

"एकच एक नाही. काहींचं औषधांनी आणि घरी राहून होतं, काहींना भरती करावं लागतं. नंतर समुपदेशन, गटाच्या सभा. तुमची सकाळची सवय बघता तुम्हाला आधी थोडे दिवस भरती व्हावं लागेल. लिव्हरच्या तपासण्या आल्या की नीट ठरवू."

"वॉरंटी किती?"

"काय?"

"बरं झाल्याची वॉरंटी."

"वॉरंटी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुन्हा प्याल अशी शक्यता आहे. बऱ्याच जणांचं तसं होतं."

"मग मी तुमच्याकडे का यावं?"

"तसं झालं तर परत येता यावं म्हणून."

काका खुर्चीत मागे टेकले. आपल्या मालाचा दोष स्वतःहून सांगणारा सप्लायर त्यांना उभ्या जन्मात भेटला नसावा. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "एक लक्षात ठेवा. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. तुमच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. जिवावर बेतू शकतं."

घरी येताना काका मागून म्हणाले, "हीच योग्य आहे." मला आनंद झाला. "मग उद्या भरती?" मी विचारलं.

"छे. अजून तुलना व्हायची आहे."

ती तुलना पुढे कितीतरी दिवस चालली. आणि त्यात एक भलतीच गोष्ट झाली. काकांनी सगळी ठिकाणं पालथी घातली आहेत, हे कॉलनीत पसरलं. लोक त्यांच्याकडे सल्ल्याला यायला लागले. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा, कुणाचा स्वतःचाच प्रश्न. यायचे ते संध्याकाळी, कारण काका तेव्हा हमखास जागेवर सापडायचे. गाडीच्या खिडकीची काच खाली केलेली, आत काका बेल्ट लावून, हातात पेला, आणि बाहेर माणसं ओळीने उभी.

"गोळ्यांचं व्यसन आहे? मग त्या माळावरच्या ठिकाणी मुळीच नेऊ नका. डॉक्टर आहे का ते आधी विचारा," असं ते सांगायचे. "भेटायला देत नसतील तर परत फिरा. तुमच्या मुलाला तो कशासाठी घेतो ते कोणी विचारलंय का? आधी ते विचारणारा माणूस शोधा." मग एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "पुढचा."

सल्ले चोख होते. लोकांना गुण यायला लागला. शेजारचे एसटीतले कंडक्टर, ज्यांना एकदा त्यांच्याच बसमधून प्रवाशांनी उतरवून ठेवलं होतं, ते काकांच्या सांगण्यावरून डॉक्टरीणबाईंकडे गेले, भरती झाले, बाहेर आले. अंगावर जरा मांस चढलं. एका संध्याकाळी ते बायकोला घेऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन पोर्चमधे आले. मी जिन्यात उभी होते.

"काका, तुमच्यामुळे घर उभं राहिलं," ते म्हणाले आणि खिडकीतून त्यांनी काकांच्या हातात पेढा दिला. काकांच्या एका हातात पेढा आणि दुसऱ्या हातात पेला.

"डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलं? मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, हो का? मग ते स्वतः कधी येणार आहेत?"

ते कुचकटपणे बोलले नव्हते. निरोप होता, त्यांनी तो दिला. मग नमस्कार करायला म्हणून त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि ते दोघं वाकले. काका गडबडले. पायावर कुणाला वाकू द्यायचं नाही म्हणून ते उठायला गेले, पण बेल्टने त्यांना मागे खेचलं. पेला सांडला. त्यांनी बेल्टचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. ते अडकलं होतं. कंडक्टर आणि त्यांची बायको दाराशी वाकलेली आणि आत हा मोठा माणूस, सफारीवर दारू सांडलेली, मुठीत पेढा चुरगळलेला, बेल्टशी झटापट करतोय. कंडक्टरांनीच शेवटी वाकून तो सोडवला.

त्या रात्री काकांनी गाडीत उरलेल्या सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. कुणाला विचारलं नाही, डॉक्टरांना कळवलं नाही. सकाळी काकूंनी मला आनंदाने शिऱ्याची वाटी दिली, तेव्हा मला हे कळलं. "बघ, मी म्हणत होते ना," काकू म्हणाल्या. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मी काकूंना सांगितलं, काकांनाही सांगितलं. काका म्हणाले, "एक दिवस गेला ना नीट? बघू." त्यांच्या हाताला कंप होता. दुसऱ्या दिवशी कंप वाढला आणि ते रात्रभर खोलीत फेऱ्या घालत राहिले.

रविवारी सकाळी काकूंनी खालून मला जी हाक मारली, तशी हाक मी कधी ऐकली नव्हती.

हॉलमधे घरातल्या सगळ्या खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या. मधे काका उभे, घामाने चिंब, डोळे ताठ. मी एका खुर्चीला धरून उभी राहिले तर ते खेकसले, "तिथे नको! ते बोल्टवाले बसलेत." मग रिकाम्या खुर्चीकडे वळून नम्रपणे म्हणाले, "माफ करा, मुलगी नवीन आहे. हां, तर तुमच्या टर्म्स काय म्हणालात?" एकेका रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन ते ऐकत होते, मान डोलवत होते, वाद घालत होते. "सगळे एकदम बोलू नका," ते म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज बदलला. लहान मुलासारखे ते म्हणाले, "अगं, हे सगळे एकदम का बोलताहेत? यांना सांग ना."

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मन्हा माणूसले काय व्हयनं व माय," त्या पुटपुटत होत्या. माझ्या माणसाला हे काय झालं.

मी रुग्णालयात फोन लावला. ताबडतोब आणा, असं सांगण्यात आलं. मी रिक्षा आणली, पण काका दाराची चौकट धरून उभे राहिले. "अजून तुलना झालेली नाही," ते म्हणाले. "अशी ऑर्डर निघत नाही. ऑर्डर कोण देणार?"

"मी देते," काकू म्हणाल्या.

त्या घरात काकूंनी कधी पडद्याचं कापडसुद्धा आपल्या पसंतीने घेतलं नव्हतं. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या तापलेल्या डोळ्यांतून त्यांना कोण दिसत होतं, देव जाणे.

"तुम्हाला अधिकार आहेत?"

"आहेत."

"तिन्ही कोटेशनं बघितलीत?"

"तिन्ही बघितली. तिसरं घ्यायचं."

काकांनी चौकट सोडली. खुर्च्यांकडे वळून त्यांनी हात जोडले, "आपण सगळे आलात, आभारी आहे. निर्णय झालाय," आणि ते काकूंचा हात धरून रिक्षात बसले.

पहिले दोन दिवस डॉक्टरांनी काहीच खात्रीने सांगितलं नाही. काकू वॉर्डबाहेर भिंतीशी बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी काकांनी डोळे उघडले, सलाईनच्या बाटलीकडे बघितलं आणि नर्सला एक्स्पायरी विचारली. तेव्हा काकू रडल्या.

डॉक्टर मात्र त्यांना फार बोलल्या. "कंडक्टरला माझ्याकडे पाठवलंत आणि स्वतः मोरीत बाटल्या ओतून मोकळे झालात?" काका मान खाली घालून ऐकत होते.

पेशंट म्हणून ते वैताग होते. प्रत्येक गोळी ते उजेडात धरून बघत. घरी आल्यावर दर आठवड्याला गटाची सभा असायची, तिथे प्रत्येकाने स्वतःविषयी बोलायचं असे. काकांनी पहिल्या सभेत नाशिकच्या समस्त व्यसनमुक्ती केंद्रांचा आढावा घेतला. गट चालवणारे म्हणाले, "छान. आता स्वतःबद्दल सांगा." काका खाली बसले ते पुढच्या कित्येक सभांत बोललेच नाहीत. मग एकदा बोलले. काय बोलले ते काकूंनाही माहीत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मुलीला स्वतः फोन लावला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मुलगी सातव्या महिन्यात आली. फाटकाशी तिची गाडी थांबली तेव्हा काकांनी पुढे होऊन दार उघडलं आणि ते बाजूला उभे राहिले. ती उतरली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, बारीक झालात." एवढंच. मुलगा झाला. काकांनी त्याला पहिल्यांदा उचललं तेव्हा आधी आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले, हलताहेत का. जराही हलत नव्हते.

इथेच सांगणं थांबवलं असतं तर बरं दिसलं असतं. पण बाळाला घेऊन मुलगी पुण्याला परत गेली आणि घर एकदम रिकामं झालं. दोरीवरची लंगोटं गेली, शेक-शेगडीचा वास गेला. काका दिवसभर हॉलमधे बसून असायचे. एका दुपारी मी शाळेतून आले तर ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले होते. पायात चपला उलट्या घातलेल्या.

"मी घेतली," ते म्हणाले. "सकाळी. तुझी काकू देवळात गेली होती तेव्हा."

मी वाकून त्यांच्या पायांतल्या चपला सरळ केल्या.

"गाडी काढ. तिला मी सांगितलंय, ती रिक्षाने पुढे गेलीय नंबर लावायला."

 रुग्णालयाच्या बाकावर काकूंनी जागा धरली होती. काकू सरकून बसल्या. काकांना मधे बसवलं. त्यांच्या तोंडाला वास येत होता आणि शेजारची बाई तोंडाला पदर लावून पलीकडे वळली. काकांना ते दिसलं. त्यांनी मान खाली घातली. आमच्या आधी पुष्कळ माणसं होती. 

मग अचानक काकांनी माझ्याकडे बघितलं. "तू मूळची कुठली गं?"

"काका, मी तीन वर्षं राहतेय तुमच्याकडे."

"हो. पण मला माहीत नाही." ते ओशाळले. "विचारलंच नाही कधी. सांग ना."

"पेठकडची," मी म्हटलं. "पेठच्याही आत, डोंगरात."

"घरी कोण?"

"आई. आणि धाकटा भाऊ."

"वडील?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं. काकांना कधी सांगायची वेळ आली नव्हती. मी सांगायला लागले. वडील नागलीचं शेत करायचे, फार छान तारपा वाजवायचे, गावोगावी त्यांना बोलावणं यायचं, आणि जाईल तिथे लोक आधी पेला पुढे करायचे. ते गेले तेव्हा मी नववीत होते. आमच्याकडे त्यांना कुठे न्यावं हे सांगणारं कुणी नव्हतं.

काका ऐकत होते. मधे काही विचारत नव्हते, फक्त ऐकत होते. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि शिपायाने काकांचं नाव पुकारलं. काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं. शिपायाने पुन्हा पुकारलं.

काकांनी हात वर केला.

"पुढच्याला जाऊ द्या," ते म्हणाले. "ही सांगतेय."